चूळ भरा म्हणालात, त्याबद्दल

माननीय डॉक्टरसाहेब,



आपल्यासारख्या कामाच्या माणसाला पत्र वाचायला सवड होईल की नाही, या शंकेसह लिहायला बसले आहे. आपला वेळ किती मोलाचा आहे, ते मी आपल्या खुर्चीत आडवी पडून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात तीनदा पाहिलं आहे. पहिल्या वेळी चौदा मिनिटं. दुसऱ्या वेळी अकरा. तिसऱ्या वेळी नऊ. तेवढ्या वेळात माझी कणीकसुद्धा मुरत नाही, आणि आपण दात भरून, पैसे घेऊन, पुढच्या नंबराला हाक मारलेली असायची.

ओळख पटावी म्हणून सांगते. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय एकसष्ट. वरच्या डाव्या बाजूचा सुळा, आणि त्याच्या मागची उपदाढ. दोन्ही दातांना हिरडीच्या अगदी काठाशी, दाताच्या गळ्यापाशी खाच पडली होती. नख फिरवलं तर अडकायचं. माठातलं पाणी लागलं तरी कळ डोळ्यामागे जायची. आपण त्या खाचांत पांढरं सिमेंट भरलंत, हातमोजे काढलेत आणि म्हणालात, "झालं काकू, आता बिनधास्त आइस्क्रीम खा." या आश्वासनाबद्दल मी आपली आभारी आहे. तीन वर्षांत मला इतकं गोड दुसरं कुणी बोललेलं नाही.

पहिलं सिमेंट सात महिने टिकलं. दुसरं चार महिने. तिसरं या संक्रांतीला निघालं. तिळाच्या वडीत खडा आला असं वाटून मी तो तोंडातून काढला, धुतला, चष्मा लावून पाहिला. तो खडा आपला होता. औषधांच्या रिकाम्या डबीत कापूस घालून मी तो जपून ठेवला.

आपण प्रत्येक वेळी पुन्हा भरून दिलंत, एका शब्दानं कुरकुर केली नाहीत, आणि तिसऱ्या वेळी शंभर रुपये कमी घेतलेत. त्या शंभर रुपयांचेही आभार.

मात्र सर्वांत मोठे आभार मानायचे ते आपण केलेल्या निदानाचे. "काकू, तुम्ही फार जोरात घासता. माझं काम चोख आहे, तुमची सवय वाईट आहे." हे आपण बाहेर बसलेल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंत. मी मान खाली घालून पैसे दिले. मी ते खरं मानलं, डॉक्टर. तीन वर्षं मानलं. डाव्या बाजूनं घास चावणं सोडलं. नातवानं कुल्फीचा चमचा पुढे केला की मान फिरवायची. जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात फोटोला हसायचं तर तोंडावर पदर धरायचा, कारण निघालेल्या सिमेंटाच्या जागी काळी रेघ दिसायची. आणि दर वेळी मनात एकच, माझंच चुकलं.

छत्तीस वर्षं मी वर्गात उभी राहिले. एका मुलाचं एकच गणित तीनदा चुकलं की मी पोराला रागवायच्या आधी माझी शिकवण्याची रीत तपासायची. ही अपेक्षा मी आपल्याकडूनही केली असती तर फार झालं असतं का?

संक्रांतीनंतर मी आपल्याकडे आले नाही. दीड तास एसटीनं जाऊन, केसपेपर काढून, एका दंत महाविद्यालयात रांगेला बसले. तिथल्या प्राध्यापक बाईंनी तोंडात आरसा घातला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, "काकू, सकाळी उठल्यावर काय घेता?"

कोमट पाण्यात लिंबू. अकरा वर्षं. त्यावर लगेच ब्रश, तोही कडक केसांचा, कारण मऊ ब्रशनं घासल्यासारखं वाटत नाही.

बाईंनी समजावून सांगितलं. लिंबाच्या आंबटानं दाताचा वरचा थर काही काळ मऊ पडतो. त्याच वेळी कडक ब्रश आडवा फिरवला की तो मऊ थर निघून येतो. फरशीवर अ‍ॅसिड ओतून लगोलग तारेच्या घासणीनं घासावं, तसं. त्यात हिरडी मागे सरकलेली असेल तर आतलं मूळ उघडं पडतं आणि मुळावर तर कवच नसतंच. कुणी रात्री दात आवळून झोपतं, तो भारही दाताच्या गळ्यावर येतो. म्हणजे माझ्या घासण्यात खोट होतीच, ते आपलं म्हणणं खरं होतं. खाच त्यानंच पडली. पण सिमेंट त्यानं पडलं नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या मला एक करून सांगितल्यात. घासणं आपण मला कधी शिकवलंही नाहीत. लिंबाचं तर विचारलंही नाहीत.

मी डबी उघडून आपला तुकडा बाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चिमट्यात धरून दिव्याखाली उलटा केला आणि शिकाऊ डॉक्टरांना जवळ बोलावलं. दाताकडची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. मलाही दाखवली. "हा चिकटलेलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "नुसता बसला होता." मग माझ्याकडे वळून विचारलं, "निळी जेल लावून धुतल्यावर त्यांनी तुम्हाला चूळ भरायला सांगितली होती का?"

सांगितली होती, डॉक्टर. तिन्ही वेळा. खुर्चीशेजारच्या त्या वाडग्याकडे बोट करून आपण म्हणायचात, "चूळ भरा." मी उठायची, चूळ भरायची, तोंड मिटायची, ओठ पुसायची, परत आडवी व्हायची. मग आपण कापसाची एक सुरळी गालात सारून पुढचं काम करायचात. एवढी काळजी दुसरं कोण घेतं, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या एका चुळीचा अर्थ कळला त्या दिवशी मला माझ्या माहेरच्या आळीतला कल्हईवाला आठवला. पिंपळाखाली तो जमिनीत भट्टी करायचा, भात्यानं कोळसे फुलवायचा. आई पातेली घेऊन जायची आणि मी तिच्या मागे. तो आधी पातेलं राखेनं, वाळूनं घासघास घासायचा. मग निखाऱ्यावर तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि त्या धुरातच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं अशी फिरवायचा की काळपट पितळ एका फेऱ्यात चांदीसारखं व्हायचं. सगळा वेळ जायचा तो घासण्यात नि तापवण्यात. कथील लावायला पळभर. एकदा मी पाण्याचा ओला हात तापायला ठेवलेल्या पातेल्याला लावला, तर तो माझ्यावर खेकसला होता. पोटावर जगणारा, अंगठा उठवणारा माणूस, पण धरणार काय आणि सुटणार काय हे त्याला ठाऊक होतं.

आपली निळी जेल म्हणजे तोच नवसागर आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. फॉस्फोरिक अ‍ॅसिड. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत पत्र्याला हे अ‍ॅसिड लावत, त्यावरूनच मायकेल ब्युओनोकोर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याला दातावर ते लावून पाहायचं सुचलं. १९५५ साली त्यानं ते छापलं. अ‍ॅसिडनं एनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कवचावर, डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात, पातळ रेझिन, म्हणजे चिकटवणारा द्रव, त्यात झिरपतं आणि घट्ट झाल्यावर मुळ्या धरल्यासारखं अडकून बसतं. एवढ्या निगुतीनं उघडलेले ते खळगे माझ्याच लाळेनं बुजवून घ्यायला आपण मला वाडग्याशी पाठवत होतात. तिन्ही वेळा मी आज्ञेप्रमाणे गेले.

दंत महाविद्यालयात त्या दिवशी सिमेंट भरलंच नाही. दीड तास एसटी, दोन तास रांग, आणि बाई म्हणाल्या, "आज नाही." मला रडू आलं. कारण त्यांनी दाखवलं: उपदाढेवर उरलेलं आपलं जुनं सिमेंट दाताची कड ओलांडून हिरडीवर चढलं होतं. त्या कठड्याखाली अन्न बसून हिरडी जांभळट सुजली होती, आणि सुई लावताच रक्त. मी दोन वर्षं रोज सकाळी चूळ लाल पाहत होते आणि वयामुळे असेल म्हणत होते. रक्त येणाऱ्या हिरडीशेजारी कॉम्पोझिट, आपलं ते पांढरं सिमेंट, भरायचं म्हणजे भरलेलं फुकट घालवायचं. त्यांनी तो कठडा घासून काढला, दात स्वच्छ केले, मऊ ब्रश हातात देऊन आरशासमोर घासायला लावलं, आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. लिंबू बंद, प्यायचंच असेल तर पाठोपाठ साधं पाणी, आणि ब्रश तासभरानंतर.

सुजलेल्या, रक्ताळलेल्या हिरडीवर एकाच बैठकीत, बोटानं कापूस दाबून, अकरा मिनिटांत सिमेंट बसवण्याचं धाडस आपण केलं होतंत. त्या हातोटीला माझा नमस्कार.

दोन आठवड्यांनी हिरडी गुलाबी झाली होती. मग जे झालं ते मी आपल्याला सविस्तर सांगणार आहे, कारण त्या खुर्चीत मी एक तास वीस मिनिटं होते, आणि बाई माझ्या उघड्या तोंडावर वाकून तीन शिकाऊ डॉक्टरांना शिकवत होत्या. मला बोलता येत नव्हतं. ऐकता येत होतं. एवढं मन लावून मी विद्यार्थिनी असतानाही कधी ऐकलं नव्हतं.

रंग त्यांनी सर्वांत आधी पाहिला, दात ओला असतानाच. दात वाळला की फिका दिसतो आणि रंग चुकतो. गळ्याशी दात टोकापेक्षा पिवळसर असतो, म्हणून त्यांनी कॉम्पोझिटचा जिऱ्याएवढा गोळा दातावर तसाच ठेवून, दिवा मारून ताडून पाहिला, आणि टोचणीनं काढून टाकला. आपण माझ्या सुळ्याला दिलेला पांढरा शुभ्र पट्टा मला वर्षभर खडूसारखा वाटायचा. शिक्षिकेला खडूची आठवण राहावी अशी आपली इच्छा असावी. धन्यवाद.

मग रबर डॅम. निळ्या रबराचा पातळ चौकोन, त्याला भोकं, त्यातून फक्त कामाचे दात वर काढायचे. जीभ, लाळ, श्वासाची वाफ सगळं रबराखाली. सॅनफर्ड बार्नम या न्यूयॉर्कच्या दंतवैद्यानं हे १८६४ साली सुरू केलं. आपल्या दवाखान्यापर्यंत यायला त्याला दीडशे वर्षं पुरली नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. सुळ्यावर त्यांनी २१२ नंबरचा क्लॅम्प बसवला, फुलपाखरासारखे दोन पंख असलेला; तो हिरडीला हळूच मागे सारून धरतो आणि खाचेची हिरडीकडची कड उघडी पडते. हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाल कंपाउंड गरम करून चेपलं. या एवढ्याला वीस मिनिटं गेली. एका शिकाऊ मुलानं घड्याळाकडे पाहिलं, तर बाई म्हणाल्या, "हेच खरं काम आहे. पुढचं सोपं आहे."

उपदाढेवर क्लॅम्प नीट बसेना. मग त्यांनी काळा बारीक दोरा घेतला, शिवणाच्या दोऱ्यासारखा, आणि बोथट हत्यारानं तो दात आणि हिरडी यांच्या फटीत टिपत टिपत दाबला. हिरडी अर्धा मिलिमीटर मागे सरली. फटीतून जो पाझर सतत येत असतो तो दोऱ्यानं अडवला. मुलानं रक्त थांबवायचं तपकिरी औषध पुढे केलं, तर त्यांनी परत ठेवायला लावलं. ते दातावर राहिलं तर बाँडिंगला, म्हणजे सिमेंटाच्या चिकटण्याला, मारक ठरतं, आणि हिरडी निरोगी केली असेल तर त्याची गरजच पडत नाही. दोन आठवडे थांबायला का लावलं, ते मला तेव्हा कळलं.

पुढचं ऐकताना मला आपली नऊ मिनिटं आठवत होती. हिरडीजवळची ही खाच साऱ्या खड्ड्यांत अवघड का, तर तिची दाताच्या टोकाकडची कड एनॅमलमध्ये असते आणि हिरडीकडची नसते. जी. व्ही. ब्लॅक या दंतवैद्यानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी खड्ड्यांचे वर्ग पाडले, त्यातला हा पाचवा. एनॅमल वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज. त्यावर पकड चांगली बसते. गळ्याशी ते कागदासारखं पातळ होत संपतं. खाली डेंटिन. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी कोलॅजेन आणि पाणी. बारीक नळ्यांतून ओल आत सतत हलत असते. वर्षानुवर्षं घासून उघडं पडलेलं डेंटिन तर वरून चकचकीत होतं, नळ्या बुजून जातात. माझं तसंच होतं, पिवळं आणि काचेसारखं. त्यावर नुसतं बाँडिंगचं रेझिन लावणं म्हणजे ऑइलपेंटवर चुना. म्हणून त्यांनी बारीक डायमंडनं ती चकाकी खरवडून काढली, आणि टोकाकडच्या एनॅमलच्या कडेला हलका उतार दिला.

निळी जेल त्यांनी फक्त एनॅमलच्या काठावर, रेघ ओढावी तशी लावली. पंधरा सेकंद मोजले. मग पाण्याची धार आणि शेजारी ओढणारी नळी. चूळ नाही. मी सवयीनं उठायला मान उचलली, तर तिघांनी मिळून माझे खांदे धरले.

सुकवणंही बेतानं. डेंटिनला जेल लागली असेल आणि ते कोरडं ठक्क केलं तर कोलॅजेनची जाळी कोसळून बसते आणि रेझिन आत शिरत नाही. थपथपीत ठेवलं तर रेझिन पाण्यावर तरंगतं. मग बाँडिंगचा थेंब छोट्या ब्रशनं वीस सेकंद चोळायचा, नुसता फासायचा नाही. त्यावर हलकी हवा, थेंब हलायचा थांबेपर्यंत, म्हणजे त्यातलं द्रावण उडून जातं. मग निळा दिवा, दाताला जवळजवळ टेकवून. आपण दिवा सहायक मुलीच्या हाती देऊन पुढच्या पेशंटचा एक्स-रे पाहायला गेला होतात. ती बिचारी फोनवर बोलत होती आणि दिवा माझ्या गालावर पडत होता. माझा गाल अद्याप शाबूत आहे.

कॉम्पोझिट घट्ट होताना किंचित आकसतं, घनफळानं दोन-तीन टक्के. ऐकायला थोडं, पण एकच मोठा गोळा दोन्ही कडांना एकदम चिकटवला की आकसताना तो जिकडची पकड कमजोर तिकडून सुटतो. तिकडे म्हणजे हिरडीकडे. म्हणून बाईंनी आधी एक पातळ थर हिरडीच्या बाजूला दिला, दिवा मारला, मग दुसरा एनॅमलच्या बाजूला, पुन्हा दिवा. प्रत्येक थर दोन मिलिमीटरच्या आत. शेवटी वरून ग्लिसरीन लावून परत दिवा, कारण हवेला उघडा राहिलेला सर्वांत वरचा पापुद्रा कच्चा राहतो. आपला एकच गोळा असायचा. अंगठ्यानं दाबलेला. मला वाटतं, आपल्या हातमोज्याची रेषही त्यात उमटली होती.

काम झाल्यावर बारा नंबरच्या वाकड्या पात्यानं कडेवरचा जास्तीचा पापुद्रा काढला, चकत्यांनी गुळगुळीत केलं, दोरा ओढून काढला. मग बाईंनी टोचणी दातावरून सिमेंटवर, सिमेंटवरून मुळावर अशी वर-खाली फिरवली. ती कुठंच अडली नाही. तीच टोचणी त्यांनी मुलांच्या हाती दिली, एकेकाला फिरवायला लावली. मग माझं बोट धरून माझंच नख तिथं नेलं. तीन वर्षांनी माझं नख सरळ खाली घसरलं. तेव्हा मात्र मी रडलेच.

भरलेल्या दातांच्या पुढच्या दाताला छोटी खाच आहे. मी म्हटलं, तीही भरा. नाही म्हणाल्या. उथळ आहे, ठणकत नाही, नुसती बघत राहू. फोटो काढून ठेवला. आपण ती चौथ्या भेटीत भरू म्हणाला होतात. दरही सांगितला होतात.

आपला कैवार घ्यायचा म्हणून मी बाईंना विचारलं, की गावातल्या डॉक्टरला एवढा वेळ कसा परवडेल? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कोरडं ठेवणं जमणार नसेल तर कॉम्पोझिटचा हट्ट कशाला? ग्लास आयनोमर आहे. लंडनमध्ये विल्सन आणि केंट या संशोधकांनी ते तयार केलं, सत्तरीच्या दशकापासून वापरात आहे. दाताच्या खनिजाशी ते रसायनानं जुळतं, थोडी ओल सहन करतं, फ्लोराइडही सोडतं. दिसायला तितकं देखणं नाही, पण गळ्याच्या खाचांत टिकण्यात त्याचं नाव चांगलं आहे. हवं तर आत ते आणि वरून कॉम्पोझिट. असंही म्हणाल्या, की मी आज भरलेलं कधीच पडणार नाही, अशी हमी मी देत नाही; पडलं तर या, का पडलं ते पाहू. डॉक्टर, ते "का पडलं ते पाहू" ऐकायला मी एसटीनं दीड तास गेले होते.

ग्लास आयनोमर आपल्याकडे आहे. आपल्या कपाटाच्या दुसऱ्या फळीवर बाटली आणि पुडीची जोडी मी पाहिली आहे. आपण मला ते सुचवलं नाहीत, कारण पांढऱ्या सिमेंटाचे पैसे जास्त. माझी समजूत चुकीची असेल तर कळवावं, मी जाहीर माफी मागेन.

आपला हात वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या ह्यांची दाढ रात्री दहा वाजता, दवाखाना उघडून, आपण काढून दिली होतीत, आणि एक पैसा जास्त घेतला नव्हतात. त्या रात्रीचा माणूस मला आठवतो म्हणूनच हे पत्र एवढं लांबलं. त्या माणसाला चौदा मिनिटं, अकरा मिनिटं, नऊ मिनिटं कुणी शिकवली, ते मला कळत नाही.

आता मुद्द्याची विनंती. आमच्या शेजारच्या वहिनी येत्या गुरुवारी संध्याकाळी सहाला आपल्याकडे येत आहेत. वरच्या सुळ्याला तीच खाच आहे, माझ्यापेक्षा खोल. रक्तदाबाच्या गोळ्यांनी त्यांचं तोंड कोरडं पडतं, आणि त्यांचे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत. आपला दवाखाना तळमजल्यावर आहे म्हणून त्या येणार. त्या अबोल आहेत. आपण म्हणाल तेव्हा चूळ भरतील आणि सिमेंट पडलं तर स्वतःला दोष देतील.

त्या सकाळी काय पितात, ते विचारावं. हिरडीतून रक्त येत असेल तर त्या दिवशी भरू नये, मोकळं परत पाठवावं. मी त्यांची समजूत घालीन. भरायचं असेल तर सहा ते साडेसात दुसऱ्या कुणाला नंबर देऊ नये. रबर डॅम नसेल तर ती दुसऱ्या फळीवरची बाटली काढावी. आणि निळी जेल धुतल्यावर त्यांना उठू देऊ नये. त्या उठू लागतील. खांदे हलकेच धरावेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
केसपेपरवर "जोरात घासतात" असा शेरा असलेली पेशंट

सोबत : डबी एक, आत तुकडा एक. दाताकडची बाजू वर करून ठेवला आहे. दिव्याखाली पाहावा.